बोरकुटे सर आणि कवडूजींच्या घरातले एक मिनिट

सुनंदा देशकर

श्री. प्रभाकर बोरकुटे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे. नागपूरचे दूरचित्रवाणी केंद्र तेव्हा नवे होते. मी एम.ए. होऊन घरी बसले होते आणि निर्मिती सहायकाच्या जागा निघाल्या होत्या. समितीतील इतरांनी मला मराठी कथेचे टप्पे विचारले. ते मला पाठ होते. शेवटी टोकाला बसलेल्या एका सडपातळ गृहस्थांनी विचारले, "तुमच्या घरी सकाळी आधी कोण उठतं?"

"आई."

"कशावरून कळतं?"

"स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येतो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही ऐकू येत नाही."

"येतं," ते म्हणाले. "त्याच्या आधी घरात कोणीतरी जागं झालेलं असतं. तुम्ही लक्ष देत नाही."

मला राग आला. नोकरी मात्र मिळाली. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात पडून कान दिला. स्टोव्हच्या बऱ्याच आधी, आई अजून कुशीवरही वळली नव्हती, तेव्हा ती जागी असल्याचे मला कळले. कसे कळले ते सांगता येणार नाही. अंगावर काटा आला, एवढे आठवते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे 'काही हृद्य आठवणी' मागितल्या आहेत. मी एकच आठवण पूर्ण सांगणार आहे. सरांच्या सेवापुस्तकात एक ठपका आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तो माहीत आहे. सरांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यावर विनोदही झाले होते. तो ठपका ज्या चुकीतून आला ती चूक सरांची नव्हती, माझी होती. तिच्यामुळे नरखेडकडच्या एका बाईजवळ तिच्या नवऱ्याचे जे काही उरले होते, ते गेले. सरांनी ते कसे परत आणले, हे मी पाहिले आहे. दुसरे कोणी सांगण्याच्या आत मी सांगितलेले बरे.

आधी सरांच्या कामाबद्दल लिहिते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

सर नागपूरचेच. वडील गिरणीत. एका खोलीत नऊ माणसे राहत. अंधारात कोण जागे आहे, कोण झोपेचे सोंग करते आहे, कोण रडते आहे, हे श्वासावरून ओळखायला आपण तिथे शिकलो, असे ते सांगतात. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ते आईचे बोट धरून मैदानावर गेले होते. सहा वर्षांच्या मुलाला भाषण काय कळणार? त्यांना आठवते ते एवढेच, की शपथा सुरू होण्याआधी क्षणभर सगळे गप्प झाले. "एवढी माणसं एकदम गप्प होतात ना, तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही," असे ते म्हणतात. त्याला ते आवाजच म्हणतात.

केंद्रावर निर्माते म्हणून आल्यावर त्यांनी 'जुनी गोष्ट' ही मालिका सुरू केली. दर आठवड्याला एक स्वतंत्र कथा, जुन्या मासिकांतून निवडलेली. बहुतेक लेखक केव्हाच गेलेले. त्या कथा मिळवण्यासाठी सर सीताबर्डीच्या पदपथावर जुन्या अंकांच्या ढिगाऱ्यांत उकिडवे बसलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत. लेखकाच्या वारसाची परवानगी आणायला ते स्वतः जात. एकदा अमरावतीला एका लेखकाच्या नातवाने परवानगी दिली आणि वर म्हणाला, "शेवट जरा गोड करा ना साहेब." सर उठले. "मग आजोबांना विचारून या," म्हणाले. परवानगी मिळाली होती तशीच राहिली आणि शेवटही तसाच राहिला.

मालिकेत भुताची म्हणता येईल अशी कथा एकही नव्हती. तरीही लोक ती घाबरत घाबरत पाहत. सावनेरहून एका शिक्षकांचे पत्र आले होते: 'कार्यक्रम संपून संच बंद केल्यावरही घरात एक माणूस वाढल्यासारखे वाटते. आपण नेमके काय करता ते कळवावे.' सरांनी पोस्टकार्डावर उत्तर दिले: 'आम्ही काही करत नाही. जे असते ते काढून टाकत नाही.'

यामागे त्यांची एक पद्धत होती. नेपथ्य उभारण्याऐवजी ते खऱ्या घरात चित्रीकरण करत. काम संपले, दिवे विझले की ते सर्वांना आहे तिथे उभे करत आणि त्या घराची एक मिनिटभराची निव्वळ शांतता वेगळ्या फितीवर मुद्रित करून घेत. पुढे संकलनात दोन वाक्यांच्या मधल्या जागी तीच शांतता भरत. बाकी मंडळी अशा जागी स्टुडिओतली मुकी शांतता घालत. सर म्हणत, "ती मेलेली असते. घर ओळखू येत नाही."

आमचे ध्वनिमुद्रक देवीदास यांना पहिल्या दिवशी हसू आवरले नव्हते. सगळे मान खाली घालून उभे.

"सर, कोण वारलं?"

"कोणी नाही गा. म्हणून तर घेऊन राहिलो."

याच देवीदासांनी एकदा सरांची परीक्षा घेतली. नावे झाकून त्यांनी शांततेची चार-पाच रिळे ऐकवली. सरांनी प्रत्येक घर ओळखले. एक शहरातल्या महाल भागातले, "खाली पिठाची गिरणी बंद आहे, पण पट्टा अजून लोंबतोय." दुसरे इतवारीतले. शेवटचे रीळ एका बंद बंगल्याचे होते. दहा वर्षे तिथे कोणी राहिलेले नव्हते. किल्ली देणाऱ्या गृहस्थांनी तसे लिहून दिले होते. सरांनी ते ऐकले, पुन्हा ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला.

"रिकामा होता म्हणाले ना?"

"हाव सर."

"नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थांना फोन केला. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. तो भाग आम्ही दुसऱ्या घरात नव्याने केला आणि त्याबद्दल कोणी काही विचारले नाही.

आता कवडूजींबद्दल.

मालिकेतील एक कथा अशी होती: एक माणूस फार वर्षांनी बहिणीच्या घरी येतो. घरातले सगळे हळू बोलतात, भांडे जपून ठेवतात, कारण आतल्या खोलीत कोणीतरी निजलेले आहे. कोण, ते त्याला कोणी सांगत नाही. थोड्या वेळाने तोही हळू बोलू लागतो. कथा एवढीच. तिच्यासाठी सरांनी नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या बागेतले एक दोन खोल्यांचे कौलारू घर निवडले. ते कवडूजी आणि अनसूयाबाई या जोडप्याचे होते. दोघेच राहत. मूलबाळ नव्हते. अनसूयाबाईंचा दीर गावात राहत असे.

चित्रीकरणाच्या दिवशी विहिरीवरची मोटर बंद झाली, बकऱ्या लांब बांधल्या, सगळे बाहेर गेले. कवडूजी आतल्या खोलीतल्या खाटेवरून उठेनात.

"घर माहं हाय. मीच बाहेर काहून जाऊ?"

"जा ना जी थोडकसे," अनसूयाबाई दारातून म्हणाल्या. "फिलिम काढून राहिले ते. तुमचं तोंड नाई पायजे त्याईले."

"तोंड नाई पायजे तं नको. मी कुठी दाखवून राहिलो? बसून तं राहू दे!"

मला वाटले सर चिडतील. उलट ते म्हणाले, "बसा कवडूजी. पण मी सांगेपर्यंत खोकायचं नाही, बिडी नाही, हालायचं नाही."

"नाई हालत."

देवीदास माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, गोष्टीत तं त्या खोलीत कोणीच नाही ना?" सरांनी ते ऐकले. "गोष्टीत तसं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले.

दुपारचे दोन वाजले असतील. बागेत पान हलत नव्हते. बहिणीची भूमिका करणाऱ्या बाई शाळेत शिक्षिका होत्या, आवाज खणखणीत. त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्या वाक्यापासून आपोआप खाली आला. दिवसभरात त्यांनी आतल्या दाराकडे एकदाही पाहिले नाही. पाहू नका असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेवटी शांततेचे मिनिट घेतले, सामान भरले आणि आम्ही घाईने निघालो. गाडी परत द्यायची होती.

तो भाग दाखवला जाण्याआधीच कवडूजी गेले. छातीत दुखले म्हणून त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात आणले होते. अनसूयाबाईंचे शहरात कोणी नव्हते. सर रोज संध्याकाळी कार्यालयातून तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसत. मला हे त्या बाईंकडूनच कळले. सरांनी केंद्रावर कधी सांगितले नाही.

भाग प्रसारित झाल्यावर अनसूयाबाई एस.टी.ने एकट्या केंद्रावर आल्या. पिशवीत संत्री होती.

"साहेब, माह्यापाशी त्याईचा एकच फोटो हाय. लग्नातला. फोटोत तं कोनी बी तसाच बसते. माहा दीर म्हनते, तुमच्या फिलिममधी ते हाय. मी डोळे फाडफाडून पाह्यलं. मले दिसले नाई."

सर म्हणाले, "दिसत नाहीत, अनसूयाबाई. बोलतही नाहीत. पण आहेत."

त्यांनी ते रीळ लावले आणि हेडफोन बाईंच्या कानांवर ठेवला. मी समोर उभी होते. मला हा सगळा वेडेपणा वाटत होता. फितीवर काही नव्हते. बाई स्थिर बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, खोलीत घरचे माणूस आल्यावर घेतात तसा.

"हाव," त्या म्हणाल्या. "बसले हाय."

त्यानंतर डोळ्यांच्या उपचारासाठी धंतोलीला आल्या की त्या केंद्रावर येत, मिनिटभर ऐकत आणि जात. सरांनी त्या रिळाच्या डब्यावर नुसते 'कवडूजी' असे लिहून ठेवले होते.

आणि मग फितींची टंचाई आली. अनावश्यक मुद्रणे पुसून फिती परत वापरात आणाव्यात, असे परिपत्रक निघाले. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. सर चित्रीकरणासाठी बाहेरगावी गेले होते. मी यादी केली, रिळे एकेक करून चुंबकाच्या यंत्राखाली घातली. 'कवडूजी' लिहिलेला डबा हातात आला तेव्हा तो कशाचा आहे हे मला पक्के ठाऊक होते. अजाणता झाले, असे मी म्हणणार नाही. मला वाटले, शांतता ती शांतता. लागली तर दुसरी घेता येईल. मी ते रीळ पुसले आणि नोंदवहीत खूण केली.

चार दिवसांनी अनसूयाबाई यायच्या होत्या. मी देवीदासांना सांगितले, तालमीची खोली रिकामी आहे, तिथले एक मिनिट घ्या आणि त्या डब्यात घाला.

"मॅडम, बाईले समजन."

"काय समजणार आहे? त्यात काही होतं का?"

"तुम्ही म्हणाल तसं," देवीदास म्हणाले, आणि रीळ करून दिल्यावर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अनसूयाबाई आल्या, बसल्या. मी हेडफोन लावून दिला. त्यांनी डोळे मिटले. मिनिट संपत आले तरी पदर वर गेला नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि खोलीत चहूकडे पाहिले. एखादी बाई आपल्या घरात शिरते आणि तिथे दुसऱ्याचे सामान लावलेले दिसते, तसे.

"बाई, हे कोनाचं घर होय?"

मी म्हटले, "तुमचंच."

"नाई वं. इथं तं कोनीच नाई." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. त्यांचे हात थंड झाले होते. "ते कुठी गेले? तुमी त्याईले कुठी ठेवलं?"

मी रीळ काढून डब्यात घातले. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फाटकाजवळच्या बाकावर गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी तालमीच्या खोलीत एकटी गेले. इतकी वर्षे जिथे येजा केली ती खोली मला पहिल्यांदा रिकामी वाटली. दार ओढून घेऊन मी जवळजवळ पळतच बाहेर आले.

सर परतले तेव्हा मी सगळे सांगितले, तालमीच्या खोलीसकट. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी एकच विचारले, "त्या भागाची मूळ टेप आहे?"

होती. पण तीही पुसायच्या यादीत होती, पुढच्याच सोमवारी. सरांनी ती कपाटातून काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. तशी परवानगी नव्हती. मग एक पोस्टकार्ड लिहून माझ्याकडे टाकायला दिले. उघडे कार्ड, मी वाचले: 'अनसूयाबाई, चूक माझ्याकडून झाली. मला एक महिना द्या.'

"सर, चूक माझी आहे."

"कपाटाची किल्ली तुम्हाला कोणी दिली?"

"तुम्ही."

"मग? टाका ते कार्ड."

त्यांनी योजलेले काम असे होते. कवडूजींच्या घराचे मिनिट सरांनी त्या भागात सगळीकडे, वाक्यांच्या मधल्या विरामांत पसरून वापरले होते. कथाच गप्प होण्याची होती, त्यामुळे विराम पुष्कळ. एखादा अर्ध्या सेकंदाचा, एखादा दोन सेकंदांचा. ते सगळे साध्या ध्वनिफितीवर उतरवायचे, जिथे शब्द संपतो तिथे ब्लेडने कापायचे आणि ते तुकडे चिकटपट्टीने जोडत एक मिनिट पुन्हा उभे करायचे. जेवणाच्या सुट्टीत सर आणि मी हे काम करत होतो. सर कापत. मी तुकड्यांना क्रमांक देऊन दोरीवर लावत असे. दोरीवर ते तपकिरी तुकडे पंख्याच्या वाऱ्याने हलत. मध्येच एखाद्या तुकड्याला बहिणीच्या शब्दाची शेपटी राहिलेली असे, 'हळू'तला नुसता 'ळू'. तो ऐकून दर वेळी दचकायला होई.

प्रत्येक तुकडा सर मलाही ऐकवत. "आहे की नाही, एवढंच सांगा."

"मला काही कळत नाही, सर."

"मग ठेवा बाजूला. उद्या पुन्हा ऐका."

पहिले दहा-बारा दिवस मी रोज हेच उत्तर दिले. एके दिवशी सर नळावर हात धुवायला गेले होते आणि मी एक लांबसा तुकडा एकटीच ऐकत होते. बहीण म्हणते, 'हळू बोला,' आणि भाऊ पुढे काही बोलण्याआधी थांबतो, त्या दोहोंमधला. त्यात श्वास नव्हता, खाट वाजली नव्हती. पण त्या आतल्या खोलीत कोणीतरी खाली पाहत बसलेले होते आणि त्याने तेवढ्यात मान वर केली. ऐकू येण्यासारखे त्यात काय होते, ते मला आजही सांगता येत नाही. माझी खात्री आहे, एवढेच लिहिते. मी हेडफोन न काढता खुर्ची मागे सरकवली आणि भिंतीला पाठ लावून बसले.

सर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आहेत ना?"

"आहेत."

"मग तो मधोमध लावू."

महिना संपता संपता मिनिट पुरे झाले. अनसूयाबाईंना पत्र गेले. त्या आल्या, पण या वेळी हेडफोन घ्यायला तयार नव्हत्या. मागच्या वेळच्या अनुभवाने त्या घाबरल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही आणि ते बरोबरच होते.

"साहेब, आता नसन तं मले सांगून द्या. मी तशीच जातो परत."

"तुम्हीच ऐकून सांगा," सर म्हणाले.

त्यांनी ऐकले. पाच-सहा सेकंद गेले असतील. हात वर गेला, पदर डोक्यावर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी खिडकीकडे वळले. मिनिट संपले तरी त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"साहेब, एक बोलू का?"

"बोला ना."

"त्या दिवशी तुमी त्याईले म्हनलं, मी सांगतपर्यंत हालू नका. अन् तुमी गेले निघून गाडीत. सांगतलंच नाई. मी मोटर चालू करून, बकऱ्या सोडून आली, दिवेलागणीले, तं हे बसूनच. मी म्हनलं, अवो, उठा ना, गेले ते लोक. तं म्हनते, साहेबानं सांगतलं नाई अजून. मी हासली. मंग उठले ते, मले शिव्या देत." त्यांनी मांडीवरच्या हेडफोनवर हात ठेवला. "पन यातले नाई उठले. यातले अजून बसूनच हाय, साहेब. किती दिवस झाले. त्याईची कंबर दुखे. आता सांगून द्या त्याईले."

देवीदास दारात उभे होते. मी सरांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

सरांनी रीळ मागे घेतले. हेडफोनची पिन काढली आणि आवाज खोलीतल्या मोठ्या कर्ण्यावर घेतला. भर दुपारी, पंखा बंद करून, आम्ही चौघांनी ते मिनिट ऐकले. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. बाहेरच्या रस्त्यावरचे ऑटो लांब गेले. शेवटचा तुकडा यंत्रातून सरकत असताना सर उभे राहिले आणि चित्रीकरणात बोलत त्याच साध्या आवाजात म्हणाले, "झालं, कवडूजी. उठा आता. चुकलं माझं, मी सांगायचं विसरलो."

फितीचे टोक सुटून चाकाबरोबर फटफट फिरू लागले. सरांनी यंत्र बंद केले. त्यानंतर त्या खोलीत जी शांतता झाली ती आधीच्या मिनिटासारखी नव्हती, तालमीच्या खोलीसारखीही नव्हती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यावर खाटेचा दोर सैल होतो, तशी होती.

"गेले," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खांद्यावर सोडला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "बाई, नरखेडची गाडी किती वाजता हाय वं?"

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाटेत त्या डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल बोलत होत्या. पुढेही त्या अधूनमधून केंद्रावर येत, संत्री ठेवून जात. रीळ लावा असे त्यांनी पुन्हा म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ते रीळ माझ्या टेबलावर ठेवले. "हे पुसा," म्हणाले. "आता हरकत नाही." मी त्यांच्यासमोर ते यंत्राखाली घातले आणि नोंदवहीत खूण केली.

आठवडाभराने ज्ञापन आले. पुसण्यासाठी नेमलेली टेप आपण विनापरवानगी ताब्यात ठेवली आणि कार्यालयीन यंत्रे खासगी कामासाठी वापरली, हे खरे आहे काय? सरांनी उत्तरात लिहिले, 'होय.' कारण लिहिले नाही, माझे नाव लिहिले नाही. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटले, मी वर लेखी कळवते. ते म्हणाले, "देशकरबाई, तुमची नोकरी कच्ची आहे. माझी पक्की आहे. गप्प बसा." मी गप्प बसले. ते गप्प बसणे मला सोयीचे होते, हेही इथे नोंदवते. 'जुनी गोष्ट'चे बहुतेक भाग पुढे पुसले गेले. त्यांच्याबद्दल आज जे लिहिले जाते त्यात सरांच्या कलेची स्तुती असते, आणि एका वाक्यात तो ठपकाही असतो. निदान या ग्रंथात तरी ते वाक्य कोणी लिहू नये.

सर, तुम्हाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. उजव्या कानाने कमी ऐकू येते म्हणून डॉक्टरांनी यंत्र दिले आहे आणि तुम्ही ते डबीत ठेवून देता, असे मालतीवहिनींनी मला सांगितले आहे. ते उद्यापासून रोज लावावे. सकाळचे फिरणे सोडू नये. लोणचे कमी खावे. तुम्हाला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य मिळो, एवढे म्हणून मी थांबणार नाही. माझी एक अट आहे. तुम्ही घरात मोठ्याने बोला. वहिनींशी वाद घाला, रेडिओ लावा, कपाटांची दारे आपटा, आम्ही आलो की आतूनच हाक मारा. उंबरठ्यावर उभे राहून तुम्ही घरात आहात की नाही, हे आम्हाला कान देऊन ओळखावे लागू नये.